सर्वाधिक खपाचा गेम म्हणजे सर्वात चांगला गेम? – एक यादी आणि पाच प्रश्न



सुट्ट्या लागल्या की घरोघरी एक मागणी सुरू होते – "मला तो गेम पाहिजे." आपण "कशाला?" असं विचारलं की मुलं हुकमाचा एक्का काढतात – "जगात सगळ्यात जास्त खपलाय तो!" यावर आपल्याकडे साधारण दोनच उत्तरं असतात. एक, "नाही म्हणजे नाही." दुसरं, "बरं, घेऊया." पण तिसराही मार्ग आहे, तो म्हणजे मुलासोबत बसून तो आकडा नीट वाचणं. आकडा वाचायला आपण शाळेत शिकवतोच, पण तो बहुतेक वेळा स्थानिक किमतीपुरता. आकड्यामागे काय मोजलंय, कोणी मोजलंय, कसं मोजलंय हे विचारायची सवय लावायचं राहून जातं.

आजच्या लेखात आपण एका खऱ्या यादीकडे पाहूया. निन्टेंडो या जपानी कंपनीचं 'वी' नावाचं एक यंत्र होतं. त्यावरच्या सर्वाधिक खपलेल्या गेम्सची ही यादी आहे. पाचवीपासून पुढच्या मुलांना ती गणिताच्या तासाला घेता येईल आणि पालकांना घरी खरेदीआधी उपयोगी पडेल.

आधी थोडी ओळख

होम कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र. मोबाइल किंवा कॉम्प्युटरसारखी इतर कामं त्यावर फारशी होत नाहीत, ते मुख्यतः खेळासाठीच असतं. यंत्र एकदा घ्यायचं आणि त्यावर चालणारे गेम वेगळे विकत घ्यायचे, अशी ही पद्धत.

निन्टेंडो ही कंपनी तशी खूप जुनी. १८८९ साली जपानमधल्या क्योटो शहरात ती सुरू झाली ती पत्त्यांचे कॅट बनवण्यासाठी. 'हानाफुदा' म्हणजे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते हा तिचा पहिला माल. व्हिडिओ गेम फार नंतर आले. या कंपनीचं 'वी' हे यंत्र नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आणि डिसेंबरमध्ये जपानमध्ये बाजारात आलं. त्याच सुमारास सोनी कंपनीचं प्लेस्टेशन ३ आलं होतं. अमेरिकेत त्याची किंमत ५०० ते ६०० डॉलर होती, तर वी २५० डॉलरला मिळत होतं. चित्रांच्या बारकाव्यात वी मागे होतं, पण त्याचा रिमोट हातात धरून हात फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरायची. बटणं शिकायची गरज नाही. त्यामुळे कधीही गेम न खेळलेले आईबाबा, आजीआजोबासुद्धा खेळू लागले. अमेरिकेत वृद्धाश्रमांमध्ये या यंत्रावर बोलिंगच्या स्पर्धा भरू लागल्या.

एकूण वी यंत्रं विकली गेली १० कोटी १६ लाख ३० हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही ती यादी

निन्टेंडोच्या आकडेवारीनुसार वीवरचे सर्वाधिक खपाचे पहिले सात गेम असे :

१) वी स्पोर्ट्स – ८ कोटी २९ लाख
२) मारिओ कार्ट वी – ३ कोटी ७३ लाख ८० हजार
३) वी स्पोर्ट्स रिसॉर्ट – ३ कोटी ३१ लाख ४० हजार
४) न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी – ३ कोटी ३ लाख २० हजार
५) वी प्ले – २ कोटी ८० लाख २० हजार
६) वी फिट – २ कोटी २६ लाख ७० हजार
७) वी फिट प्लस – २ कोटी ११ लाख ३० हजार

आता ही यादी मुलांपुढे ठेवा आणि विचारा, "सगळ्यात चांगला गेम कोणता?" बहुतेक हात पहिल्या क्रमांकासाठी वर होतील. पहिला दुसऱ्याच्या दुपटीहून पुढे आहे, मग शंका कसली? इथून आपला खरा पाठ सुरू होतो. एकेक प्रश्न घेऊया.

प्रश्न पहिला : हे लोकांनी विकत घेतलं की सोबत मिळालं?

वी स्पोर्ट्समध्ये टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ होते. आता गंमत पाहा. जपान आणि दक्षिण कोरिया सोडून इतर देशांत हा गेम यंत्राच्या खोक्यातच यायचा. म्हणजे वी घेतलं की वी स्पोर्ट्स आपोआप घरी यायचं. त्याचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत, आणि नको म्हणायचीही सोय नाही. पण यादीत तो प्रत्येक गेम एक 'विक्री' म्हणून मोजला गेला.

मुलांना समजावताना आपल्या घरातलं उदाहरण द्या. टूथपेस्टच्या खोक्यात ब्रश फुकट आला. एक कोटी टूथपेस्ट खपल्या. मग "आमचा ब्रश एक कोटी लोकांनी पसंत केला" असं कंपनीनं म्हटलं, तर ते खरं की खोटं? ब्रश एक कोटी घरांत पोचला हे खरं. एक कोटी लोकांनी तो निवडला हे मात्र खरं नाही. 'पोचला' आणि 'निवडला' हे दोन वेगळे शब्द आहेत. हा फरक एकदा मुलांच्या लक्षात आला की जाहिरातींकडे ती वेगळ्या नजरेनं पाहू लागतात.

गेम सोबत देण्याचा हा निर्णयही सहज झालेला नव्हता. निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या शाखेचे त्या वेळचे प्रमुख रेजी फिस-एमे यांनी आपल्या पुस्तकात लिहिलंय, की सोबत द्यायचा आग्रह त्यांचा होता आणि जपानमधल्या वरिष्ठांना तो सुरुवातीला पटत नव्हता. कष्टानं बनवलेली वस्तू अशीच का द्यायची, हा त्यांचा विचार. शेवटी अमेरिकेत तो सोबत दिला गेला आणि जपानमध्ये वेगळा विकला गेला. जपानमध्येही तो लाखो लोकांनी स्वतंत्र पैसे मोजून घेतला. म्हणजे गेम वाईट होता असं अजिबात नाही. त्याच्या लोकप्रियतेचं माप मात्र ८ कोटी २९ लाख हा आकडा नाही, एवढंच.

मग खोक्यात न येता, वेगळे पैसे देऊन घेतलेल्यांची यादी केली तर? मारिओ कार्ट वी हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम बहुधा पहिला येईल. 'बहुधा' म्हणायचं कारण असं की पुढच्या वर्षांत काही सेटसोबत मारिओ कार्ट, न्यू सुपर मारिओ ब्रदर्स आणि स्पोर्ट्स रिसॉर्टसुद्धा दिले गेले. म्हणजे त्या आकड्यांतही थोडी भर 'सोबत'ची आहेच.

प्रश्न दुसरा : घेणाऱ्याला नेमकं काय हवं होतं?

आता पाचव्या क्रमांकाचा वी प्ले पाहा. २ कोटी ८० लाख! पण वी यंत्रासोबत रिमोट एकच यायचा. दोघांना खेळायचं तर दुसरा रिमोट विकत घ्यावाच लागे. अमेरिकेत नुसता रिमोट सुमारे ४० डॉलरला होता, आणि वी प्ले हा गेम रिमोटसह सुमारे ५० डॉलरला. वरचे १० डॉलर दिले की एक गेम मिळतो, मग कोण सोडेल? घरात दोन मुलं असलेल्या कुठल्याही आईनं हाच हिशेब केला असता.

म्हणजे इथे गेम विकला गेला तो रिमोटच्या आधारानं. वेलीला काठीचा आधार असावा तसा.

याच्या उलट सहावा क्रमांक. वी फिट हा व्यायामाचा गेम. त्याच्यासोबत वजनकाट्यासारखा दिसणारा एक पाट यायचा. त्यावर उभं राहिलं की शरीराचा तोल पडद्यावर दिसे. अमेरिकेत याची किंमत सुमारे ९० डॉलर होती, म्हणजे नेहमीच्या गेमपेक्षा बरीच जास्त. तरीही तो सव्वादोन कोटींहून अधिक खपला. यादीत वी फिट वी प्लेच्या खाली आहे. पण एकासाठी लोकांनी वरचे दहा डॉलर दिले, दुसऱ्यासाठी नव्वद. आता मुलांनाच विचारा, लोकांची जास्त ओढ कशाकडे होती? एकच एक बरोबर उत्तर नसलेला हा प्रश्न आहे, म्हणून वर्गात चर्चा छान रंगेल.

इथेच आणखी एक बारकावा दाखवता येतो. वी फिट आणि वी फिट प्लस यांची बेरीज केली तर ४ कोटी ३८ लाख येते. मग ४ कोटी ३८ लाख घरांत हा व्यायामाचा गेम होता का? नाही. कारण प्लस ही त्याच गेमची वाढवलेली आवृत्ती होती आणि आधीचा पाट ज्यांच्याकडे आहे त्यांना नुसती नवी डिस्कही घेता यायची. म्हणजे अनेक घरं दोन्हीकडे मोजली गेली. बेरीज बरोबर, पण तिचा अर्थ चुकीचा. मुलं उदाहरणातले आकडे दिसले की लगेच बेरीज करतात, त्यांना थांबवून "ही बेरीज कशाची?" असं विचारायला हे उदाहरण उत्तम आहे.

प्रश्न तिसरा : कितीपैकी किती?

हा प्रश्न तर आपल्या अभ्यासक्रमातलाच, शतमान म्हणजे टक्के. एकूण यंत्रं १० कोटी १६ लाख ३० हजार. मारिओ कार्ट वी ३ कोटी ७३ लाख ८० हजार. भागाकार केला तर साधारण ३७ टक्के येतात. म्हणजे दर १०० वी यंत्रांमागे ३७ मारिओ कार्ट.

आता याच कंपनीच्या पुढच्या यंत्राकडे जाऊया. २०१२ साली 'वी यू' आलं. नाव सारखंच असल्यामुळे हे नवीन यंत्र आहे हेसुद्धा अनेकांना कळलं नाही, आणि ते फारसं चाललं नाही. एकूण विक्री फक्त १ कोटी ३५ लाख ६० हजार. त्यावर २०१४ मध्ये मारिओ कार्ट ८ आला आणि ८४ लाख ६० हजार खपला.

नुसते आकडे पाहिले तर ३ कोटी ७३ लाखांपुढे ८४ लाख म्हणजे काहीच नाही. पण टक्के काढा. ८४.६ भागिले १३५.६ म्हणजे सुमारे ६२ टक्के! १०० वी यू यंत्रांमागे ६२ मारिओ कार्ट ८. ज्यांच्याकडे यंत्र होतं त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांपर्यंत तो पोचला होता. मग जास्त लाडका कोणता?

गोष्ट इथे संपत नाही. २०१७ साली निन्टेंडोचं 'स्विच' हे यंत्र आलं आणि ते १५ कोटींहून अधिक विकलं गेलं. मारिओ कार्ट ८ हाच गेम थोडी भर घालून स्विचवर आणला, तर तो ६ कोटींच्याही पुढे गेला. गेम जवळपास तोच. बदललं ते यंत्र, म्हणजे दुकानाबाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांची संख्या.

हे मुलांना क्रिकेटमधून लगेच पटतं. सचिन तेंडुलकरच्या कसोटीत १५,९२१ धावा, २०० सामन्यांत. डॉन ब्रॅडमनच्या ६,९९६ धावा, पण फक्त ५२ सामन्यांत आणि सरासरी ९९.९४. एकूण धावांच्या यादीत सचिन वर, सरासरीच्या यादीत ब्रॅडमन वर. दोन्ही याद्या खऱ्या आहेत. दोघांचं मोठेपण कमी होत नाही, फक्त आपण कोणता प्रश्न विचारला त्यावर यादीचा क्रम ठरतो.

प्रश्न चौथा : किती काळात?

वी स्पोर्ट्स २००६ साली पहिल्या दिवसापासून होता. न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी आला २००९ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे तीन वर्षं उशिरा. तरीही त्यानं तीन कोटींचा टप्पा ओलांडला. एकूण विक्रीच्या यादीत आधी आलेल्याला जास्त वेळ मिळतो. शर्यतीत एक जण आधी पळायला लागला आणि दुसरा नंतर, तर शेवटी कोण पुढे हे पाहताना सुरुवातीची वेळही पाहावी लागते. जुन्या आणि नव्या गोष्टींची तुलना करणाऱ्या कुठल्याही यादीला हा प्रश्न लागू होतो.

प्रश्न पाचवा : मोजलं कोणी आणि काय राहून गेलं?

कंपनी जेव्हा 'विक्री' म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा तो कंपनीकडून दुकानदारांकडे गेलेला माल असतो. तो पुढे गिऱ्हाइकानं नेला की दुकानाच्या फळीवर पडून राहिला, हे वेगळं पाहावं लागतं. चांगल्या चाललेल्या यंत्रांच्या बाबतीत शेवटी फार फरक राहत नाही. पण कधी कधी तो केवढा मोठा असू शकतो याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे.

१९८२ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीनं 'ई. टी.' या गाजलेल्या सिनेमावर गेम काढला. नाताळच्या खरेदीला तो दुकानात हवा म्हणून बनवणाऱ्याला जेमतेम पाच आठवडे मिळाले. सिनेमा एवढा चाललाय तर गेमही चालणारच, या हिशेबानं लाखो कॅसेट तयार झाल्या. सुरुवातीला खप झालाही, पण लोकांना गेम आवडला नाही आणि ढिगानं माल पडून राहिला. १९८३ साली न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो या गावाच्या कचरा डेपोत अटारीचा न खपलेला माल पुरला गेला. पुढे कितीतरी वर्षं लोकांना ही अफवाच वाटायची. एप्रिल २०१४ मध्ये तिथे खोदकाम झालं आणि खरोखरच ई. टी.च्या कॅसेट मातीतून बाहेर आल्या. तयार झालेला माल, दुकानात गेलेला माल आणि लोकांनी घरी नेऊन खेळलेला माल हे तीन वेगळे आकडे असतात, हे या गोष्टीइतकं दुसरं काही चांगलं शिकवत नाही.

आता उलट बाजू. काही गोष्टी भरपूर खेळल्या जातात पण यादीत येतच नाहीत. आज तिशी-चाळिशीत असलेल्या आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम खेळलाय. पिवळी किंवा काळी कॅसेट, वर '९९९९ इन वन' असं काहीतरी छापलेलं, कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि परत घालायची! त्यात मारिओ होता, बदकं मारायचा डक हंट होता, काँट्रा होता. हे मूळ गेम १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्राचे. पण आपल्याकडची बहुतेक यंत्रं आणि कॅसेट त्याच्या नकला होत्या. सुपर मारिओ ब्रदर्सची अधिकृत विक्री ४ कोटी २ लाखांच्या घरात सांगतात. (तोही अमेरिकेत यंत्रासोबत दिला जायचा, म्हणजे पहिला प्रश्न इथेही आहेच!) त्या ४ कोटींत आपल्या गल्लीतला, भाड्यानं आणलेल्या यंत्रावर सुट्टीभर खेळलेला मारिओ नाही. म्हणजे यादीत नसणं आणि खेळलं गेलेलं नसणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

यादी जे सांगतच नाही

पाचही प्रश्नांची उत्तरं मिळाली तरी दोन गोष्टी खपाच्या यादीत कधीच सापडणार नाहीत.

पहिली म्हणजे दर्जा. २००७ साली वीवर सुपर मारिओ गॅलक्सी हा गेम आला. जाणकारांनी आणि समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आजही उत्तम गेम्समध्ये त्याचं नाव घेतात. त्याची विक्री १ कोटी २८ लाख, म्हणून तो वरच्या सातांत नाही. वी स्पोर्ट्स त्याच्या जवळपास साडेसहा पट 'खपला'. मग तो साडेसहा पट चांगला का? मुलंही यावर हसतील.

दुसरी गोष्ट पालकांसाठी जास्त महत्त्वाची आहे, ती म्हणजे वय. वरच्या सातही गेम्समध्ये घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळण्याजोगं बरंच काही आहे. म्हणून "जास्त खपाचा म्हणजे मुलांसाठी चांगला" असा समज सहज होतो. पण जगभरातल्या सर्वाधिक खपलेल्या गेम्समध्ये ग्रँड थेफ्ट ऑटो ५ हासुद्धा आहे. वेगवेगळ्या यंत्रांवर मिळून तो २० कोटींहून अधिक विकला गेलाय. या गेमवर युरोपात १८ वर्षं पूर्ण आणि अमेरिकेत १७ वर्षांपुढचे असा शिक्का आहे. त्यात खून, मारहाण, गुन्हेगारी, शिव्या, लैंगिक दृश्यं असं सगळं आहे. मोठ्या माणसांसाठी बनवलेला तो गेम आहे आणि बनवणाऱ्यांनी तसं खोक्यावर छापलंय. चौथीतलं मूल "जगात टॉपला आहे" म्हणून तो मागतं आणि आपण आकडा ऐकून तो आणून देतो, तेव्हा आपण खोक्याच्या एका बाजूचा आकडा वाचलेला असतो आणि दुसऱ्या बाजूचा नाही. एक आकडा २० कोटी, दुसरा फक्त १८. आपल्या घरासाठी दुसरा मोठा आहे.

खोक्यावरचा हा वयाचा आकडा कुठे पाहायचा हे माहीत करून घ्या. युरोपच्या पद्धतीत ३, ७, १२, १६, १८ असे आकडे चौकोनात असतात. अमेरिकेच्या पद्धतीत इंग्रजी अक्षरं असतात – 'ई' म्हणजे सगळ्यांसाठी, 'टी' म्हणजे १३ वर्षांपुढे, 'एम' म्हणजे १७ वर्षांपुढे. मोबाइलवर गेम उतरवून घेतानाही त्याच्या पानावर वय दिलेलं असतं.

वर्गात कसं घ्याल?

आपल्या बहुतेक शाळांतल्या मुलांच्या घरी कन्सोल नसतो, मोबाइल असतो. पाठाला त्यानं काही बिघडत नाही. पुढचे उपक्रम फळा आणि वहीवर होतात.

१) *मोठ्या संख्या :* परदेशी यादीत आकडे 'मिलियन'मध्ये असतात. १ मिलियन म्हणजे आपलं दशलक्ष, १० लाख. मुलांना हा शब्द स्थानिक किमतीत आधीच भेटलेला असतो. ८२.९० मिलियन म्हणजे किती कोटी, किती लाख, हे त्यांना काढू द्या. दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवलं की कोटी मिळतात – ८.२९० कोटी, म्हणजे ८ कोटी २९ लाख. सातही आकडे मुलांकडूनच रूपांतरित करून घ्या.

२) *अंदाज आणि टक्के :* यंत्रं साधारण १० कोटी धरली तर टक्के तोंडी येतात. ८ कोटी म्हणजे ८० टक्के, ३ कोटी म्हणजे ३० टक्के. मग नेमका भागाकार करून अंदाज किती जवळ होता ते पाहा. वी स्पोर्ट्सचं नेमकं उत्तर साधारण ८२ येतं. आता विचारा, "सोबत फुकट होता, तर १०० का नाही?" जपान आणि दक्षिण कोरियाचा मुद्दा मुलं स्वतः शोधतील.

३) *सरासरी :* वीसाठी एकूण ९२ कोटींहून थोडे जास्त गेम विकले गेले. यंत्रं १० कोटींच्या वर. एका यंत्रामागे सरासरी ९ गेम. मग प्रत्येक घरात ९ गेम होते का? एका घरात १, दुसऱ्या घरात १७, तरी सरासरी ९. सरासरी म्हणजे काय आणि काय नाही, हे इथे सुंदर कळतं.

४) *आपली यादी :* वर्गातल्या मुलांना मैदानी किंवा बैठ्या खेळांपैकी आवडता खेळ चिठ्ठीवर लिहायला सांगा. मग दुसरी चिठ्ठी – काल प्रत्यक्षात कोणता खेळलात? दोन याद्या करा. क्रम बहुधा वेगळा येईल. बॅट ज्याच्याकडे आहे त्याच्यामुळे क्रिकेट खेळलं जातं, लगोरीला फरशीचे तुकडे पुरतात, कॅरमला बोर्ड लागतो. जे हाताशी असतं ते जास्त खेळलं जातं, हे मुलांच्या स्वतःच्याच आकड्यांतून दिसेल.

५) *भाषेच्या तासाला :* 'सर्वाधिक खपाचे', 'नंबर वन', 'लाखोंची पसंती' असे शब्द वर्तमानपत्रातल्या जाहिरातींतून कापून आणायला सांगा. प्रत्येकाला पाचपैकी कोणता प्रश्न विचाराल ते खाली लिहायचं. गाईडच्या मुखपृष्ठापासून शिकवणीच्या फलकापर्यंत भरपूर साहित्य मिळतं.

पालकांसाठी दोन शब्द

मूल जेव्हा "सगळ्यात जास्त खपलाय" म्हणतं, तेव्हा ते खोटं बोलत नसतं. त्यानं कुठेतरी आकडा पाहिलेला असतो आणि मित्रांमध्ये मागे पडू नये ही त्याची खरी काळजी असते. त्यामुळे "काहीतरीच सांगू नकोस" म्हणून उडवून लावू नका. "अरे वा, किती खपलाय? चल बघू," म्हणा. सोबत दिला होता का, किती रुपयांना आहे, वय किती लिहिलंय, एकट्यानं खेळायचा की सगळ्यांनी, हे त्यालाच शोधून आणायला सांगा. मोबाइलवरच्या गेमसाठी एक प्रश्न वाढवा – उतरवणं फुकट असेल तर पुढे आत पैसे मागतो का? 'कोटी डाउनलोड' हा आकडाही असाच तपासायचा. एकदा उतरवून दुसऱ्या दिवशी काढून टाकलेला गेमसुद्धा त्यात मोजलेला असतो.

मुलानं सगळी माहिती आणली आणि गेम त्याच्या वयाला योग्य निघाला, तर घ्यायला हरकत नाही. शक्य झालं तर एकदा तुम्हीही सोबत खेळा. नाही निघाला, तर 'नाही' का म्हणताय ते त्याला आता माहीत असेल. रुसेल थोडा वेळ, पण वाद तुमच्या मर्जीशी राहणार नाही, खोक्यावर छापलेल्या माहितीशी असेल.

पुढे हीच मुलं मोठी होऊन कोचिंग क्लासचे 'शंभर टक्के निकाल', गुंतवणुकीच्या जाहिराती, निवडणुकीतले दावे असे कितीतरी आकडे ऐकणार आहेत. तिथे आपण सोबत नसू. कितीपैकी किती, कोणी मोजलं, सोबत काय दिलं होतं, हे विचारायची सवय मात्र सोबत असेल, आणि ती लावायला मारिओपासून सुरुवात केली तर मुलं तासभर जागची हलणारही नाहीत!

तुमच्या वर्गात वरच्यापैकी कोणताही उपक्रम घेतलात तर मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते नक्की कळवा.